त्रेसष्ट खाकी कव्हरं

ते १९९६ साल होतं आणि जानेवारी महिना होता. साल मला पक्कं आठवतं, कारण त्या साली आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं, आणि ते का नव्हतं याचा सगळा इतिहास तळोज्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर तीन परक्या माणसांसमोर मोठ्यानं वाचला गेला. मी तिथे हजर होते. बटाट्याच्या टेम्पोतून गेले होते. पण ते पुढे येईल.

सुरुवात झाली ती तिसऱ्या मजल्यावरच्या जाहिदापासून. मूळ श्रीवर्धनकडची मुलगी, वय सत्तावीस, तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये केमिस्ट. एका संध्याकाळी ती माझ्या दारात आली, हातात कंपनीचं पत्र. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "मालतीकाकू, तुमी खूप वाचता ना?"

"वाचते की," मी म्हटलं. त्या वर्षात मी वाण्याच्या यादीपलीकडे फारसं काही वाचलं नव्हतं, पण मी टेलिफोन खात्यात सुपरवायझर होते, चष्मा लावत होते, आणि लोकांचा समज आपण होऊन कशाला मोडा.

"मग असं एखादं पुस्तक सांगा, ज्यात बाईच्या हाताखाली अकरा पुरुष असतात आणि बाई रडत नाही."

मी तिला बसवलं, चहा ठेवला आणि पत्र वाचलं. कंपनी तिला लॅबची इन्चार्ज करत होती. याआधी त्या खुर्चीवर बाई कधी बसली नव्हती. हाताखाली अकरा माणसं, सगळे पुरुष, त्यातले चौघं तिच्या वडिलांच्या वयाचे. सोमवारी, एकोणतीस जानेवारीला सकाळी लेखी उत्तर द्यायचं होतं. नाही म्हटलं तर बाहेरून कुणीतरी येणार, आणि मग दहा वर्षं तरी तिला कोणी विचारणार नाही.

"अब्बा काय म्हणतात?"

"अब्बा म्हणतात तू ठरव. तेच तर टेन्शन आहे. नको म्हणाले असते तर मी भांडून हो म्हटलं असतं." तिनं कपातला चहा नुसताच ढवळला. "काकू, ते सगळे मला बेटी म्हणतात. बेटीनं सांगितलेलं कोण ऐकतं? मला वाटतं, मी नाहीच म्हणून टाकते. पण आधी कुणीतरी हे केलेलं वाचलं तर..."

"अशी पुस्तकं ढिगानं आहेत," मी म्हणाले.

हे वाक्य मला फार महागात पडलं.

ती गेल्यावर मी घरातलं कपाट उघडलं. तीन पाककृतींची पुस्तकं, मुतखड्यावरचं एक (ते ह्यांचं), आणि जुने दिवाळी अंक. दिवाळी अंकांतल्या बायका एक तर खिडकीशी उभ्या होत्या, नाही तर शेवटी माहेरी जात होत्या. एकीच्याही हाताखाली एकसुद्धा पुरुष नव्हता.

पण आमच्या खात्यात तेव्हा एक सोय होती, जी आता मोबाईलवाल्यांनाही नाही. आम्ही ऑपरेटर बायका एकमेकींच्या कानात राहत होतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत (सुट्टीतच, हे मी शपथेवर सांगते) मी पनवेलला विचारलं, असं एखादं पुस्तक माहीत आहे का. पनवेलनं अलिबागला विचारलं, अलिबागनं महाडला. चार वाजता माझ्या शेजारच्या बोर्डवरून निरोप आला, "मॅडम, कोल्हापूर विचारतंय, अकराच पुरुष पाहिजेत की सात चालतील?"

सगळा महाराष्ट्र माझ्यासाठी पुस्तक शोधत होता. मी म्हटलं, "सात चालतील. एकही पुरुष नसला तरी चालेल. नोकरी-धंदा करणाऱ्या बाईनं दुसरीला हातात धरून द्यावं असं पाहिजे. आणि का द्यावं ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवा."

मला वाटलं होतं, नावं येतील. आली ती पुस्तकंच. एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर आली, कुणाच्या दिराबरोबर आली, एक तर पावट्याच्या शेंगांच्या पिशवीतून आलं. सगळ्यात पहिलं आलं ते एका जुन्या काळच्या डॉक्टरीणबाईंचं चरित्र, चांगलं मोठ्या आकाराचं, जाडजूड, बांधीव. त्या बाईंच्या हाताखाली अख्खा दवाखाना होता. हेच जाहिदाला द्यायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पण पुस्तकं येतच राहिली, आणि चिठ्ठ्या तर पुस्तकांहून सरस. महाडच्या एका नर्सनं लिहिलं होतं, "बदलीच्या गावी एकटी असताना वाचलं. दार आतून लावून वाचावं." एका मास्तरीणबाईंची सूचना होती, "पान ऐंशीपासून सुरू करावं, त्याआधी सगळं तिच्या वडिलांबद्दल आहे." पंधरा दिवसांत बासष्ट पुस्तकं झाली.

ह्यांची आरामखुर्ची पहिल्या आठवड्यातच गेली. दुसऱ्या आठवड्यात दिवाणाची उशाकडची बाजू गेली. "मी कुठे बसू तेवढं सांग," हे म्हणाले. "म्हणजे ऑफिसातून येताना तयारीनं येतो."

तेव्हा मला ती कल्पना सुचली. सोसायटीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट रिकामं होतं. त्यात ही पुस्तकं ठेवावीत आणि आजूबाजूच्या नोकरीवाल्या बायकांना वाचायला द्यावीत. एवढी साधी गोष्ट. पण सोसायटीत साधी गोष्ट करायची तर आधी हौसेरावांना विचारावं लागे.

हौसेराव आमचे चिटणीस. साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात बटाट्याचे व्यापारी. मोठा उमदा माणूस, पण सोसायटीच्या ऑफिसात शिरला की त्याचा कायदा होत असे.

"बाई, कपाट रिकामं न्हाई," ते म्हणाले.

"मी आत्ताच उघडून बघितलं."

"आत काय न्हाई, ते खरं. पण ते गणपतीच्या मखरासाठी राखीव हाय. तसा ठराव हाय. तुमी अर्ज द्या, तीन प्रतीत."

मी अर्ज दिला. उत्तर आलं की अर्जात हेतू स्पष्ट नाही. मी हेतू स्पष्ट केला. उत्तर आलं की हेतूत फक्त बायकांचा उल्लेख आहे, पुरुष सभासदांवर अन्याय होतो. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी जिन्यात मला थांबवून विचारलं, "काय हो, ती पुस्तकं वाचून बायका घर सोडून जात नाहीत ना?" मी म्हटलं, "त्यांना आठ दहाची बस गाठायची असते. घर सोडून जायला वेळ कुठे आहे?" ते गंभीरपणे म्हणाले, "हां, तेही आहे."

शेवटी धावून आली राजनंदिनी. ती हौसेरावांचीच सून, पनवेलच्या कोर्टात वकिली करणारी. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे आणि मुद्दाही सोडत नसे.

"मामंजी," ती म्हणाली, "तो मखराचा ठराव एका वर्षापुरता होता. त्याला चार वर्षं झाली. कपाट कायद्यानं मोकळं आहे."

हौसेराव बराच वेळ छताकडे बघत राहिले. घरात वकील असण्याचा तोटा त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. मग लेखी परवानगी आली, नऊ अटींसह. सहावी अट अशी, की पुरुष सभासदांची ऑफिसात ऊठबस असल्यानं पुस्तकांची नावं बाहेरून दिसू नयेत. सर्व पुस्तकांना कव्हरं घालावीत.

ही अट वाचून मी मनातून हरखले. कव्हर घालणं ही माझ्या हातातली एक कला आहे असं मी स्वतः म्हणत नाही, पण शाळेत माझ्या वह्या इतर वर्गांना दाखवायला नेत असत. खाकी कागद, कोपऱ्यात काटकोनात घडी, कणकेची खळ, आणि वर नंबराची चिठ्ठी. एकवीस तारखेच्या रविवारी आम्ही सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर सगळा पसारा मांडला. राजनंदिनी कागद कापत होती, जाहिदा चिठ्ठ्यांवर नंबर घालत होती आणि मी कव्हरं चढवत होते. हात असा लागला होता म्हणून सांगू. समोर येईल ते उचलायचं, गुंडाळायचं, दाबायचं, पुढे. कुणाशी बोलणं नाही, मान वर नाही.

शेवटी मोजली तर त्रेसष्ट भरली.

"काकू, आपल्याकडे बासष्ट होती ना?" जाहिदा म्हणाली.

"एखादं कोणी आत्ता आणून ठेवलं असेल. चांगल्या कामात असंच होतं," मी म्हटलं.

तेवढ्यात सारसोळ्याची रंगूबाई आली. ती आमच्या फाटकाशी मासळी विकायची. टोपली खाली ठेवून कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "नोकरीवाल्या बायांचा कपाट हाय म्हनं. आमी काय बाया नाय? मी पन धंदा करतंय तीस वर्सं."

"पण रंगूबाई, पुस्तक पाहिजे. आपल्याला कामात ज्याचा आधार वाटला असं."

तिनं कनवटीला खोचलेलं एक चोपडं काढलं. भरती-ओहोटीचं कोष्टक. "मना वाचता येत नाय, पोरगी वाचून दावते. पन ह्याच्याबिगर माजा धंदा नाय. पानी कवा चरतंय, कवा उतरतंय, सगला लिवलाय. कुनी आपल्यासाठी थांबत नाय, येवढा समजला का बाईचा काम झाला."

राजनंदिनीनं लगेच त्याच्या मापाचा कागद कापला. मग मी त्यालाही कव्हर घातलं. ते इतकं बारीक होतं की मी त्याला मोजणीत धरलं नाही, आणि माझा त्रेसष्टचा आकडा तसाच राहिला. मोजणीबद्दल मला त्या दिवशी जरा जास्तच खात्री होती.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर कपाटाचं उद्घाटन ठरलं. पहिलं पुस्तक हौसेरावांच्या हस्ते जाहिदाला द्यायचं, ते अर्थात डॉक्टरीणबाईंचं चरित्र. सकाळी साडेसहाला मी ऑफिस उघडलं आणि कपाट उघडून बघितलं. एकाही पुस्तकावर नंबर नव्हता. कणकेची खळ झुरळांना आवडते, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. पाच दिवस त्यांनी पंगत उठवली होती आणि चिठ्ठ्यांचा भुगा खाली पडला होता. समोर नुसते खाकी ठोकळे, एकसारखे.

शहाण्या बाईनं एकेक उघडून बघितलं असतं. पण गच्चीवर कुणीतरी मला हाका मारत होतं, आणि तसंही ते पुस्तक मी पंधरा दिवस हाताळलं होतं. आकारावरून, जाडीवरून, अंधारातसुद्धा ओळखलं असतं. तसं ते ओळखलं. हातात घेतलं, वजन बघितलं, लाल रिबीन बांधली आणि वर गेले.

हौसेरावांनी भाषण फार छान केलं. दोन्ही हातांत पुस्तक धरून म्हणाले, "यातला शब्द न् शब्द मोलाचा हाय. हे मी सोता वाचलंय. एकदा न्हाई, पुन्हा पुन्हा. माझ्या आयुष्याला वळण लावणारं हे पुस्तक हाय." त्यांनी ते चरित्र पाहिलंही नव्हतं हे मला माहीत होतं. पण टाळ्या पडल्या, पेढे वाटले गेले, जाहिदानं पुस्तक छातीशी धरलं, आणि तिच्याकडे बघून मला भरून आलं. आता ही नक्की हो म्हणणार, असं मी ह्यांना म्हणाले. हे म्हणाले, "माझी खुर्ची मोकळी झाली, मला तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी अकराला, सहकार खात्याचे तपासनीस आले. ही तपासणी आधीच कळवून ठरलेली होती. शिडशिडीत, शांत माणूस, सोबत जेवणाचा डबा. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आधी मिनिट्स बुक दाखवा."

मिनिट्स बुक म्हणजे सभेत कोण काय बोललं हे लिहायची वही. आमची वही मोठ्या आकाराची, जाडजूड, बांधीव अशी होती. अगदी एखाद्या चरित्रासारखी. हौसेरावांनी ड्रॉवर उघडला. बंद केला. दुसरा उघडला. मग ते टेबलाखाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. खालून आवाज आला, "मागल्या रविवारी हितंच, टेबलावरच ठेवली होती."

मागल्या रविवारी. टेबलावर. मी त्या वेळी दारात उभी होते, कारण तपासनिसांना चहा द्यायची पाळी माझी होती. ट्रे मी अगदी सावकाश खाली ठेवला.

"हौसेराव," मी म्हटलं, "मला वाटतं, मी तिला कव्हर घातलं."

मग आम्ही कपाटासमोर बसून एकेक पुस्तक उघडायला लागलो. तपासनीसही बसले. त्यांनी नर्सबाईंचं पुस्तक उघडलं, चिठ्ठी वाचली आणि तिथेच वाचत बसले. सोळाव्या का सतराव्या पुस्तकाला माझ्या हातात डॉक्टरीणबाई आल्या. शांतपणे चष्म्यातून माझ्याकडे बघत होत्या, पहिल्या पानावरच्या फोटोत. त्या इथे असतील, तर जाहिदानं काय नेलं?

मी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी एवढ्या वेगानं कधीच चढले नव्हते. दार अब्दुर्रहमानभाईंनी उघडलं. जाहिदाचे वडील, कमी बोलणारे, कायम इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत.

"जाहिदा?"

"कामावर गेली, मालतीबाय. तुमी दिलेला किताब घेऊन गेली." त्यांनी दार पूर्ण उघडलं. "काल दुपारभर वाचत बसली होती. हसत होती. लई दिवसांनी हसताना बघितली. काय हाय त्या किताबात?"

मला एवढंच दिसत होतं, की मुलीला आधाराचं पुस्तक हवं होतं आणि मी तिला आमच्या सोसायटीच्या सहा वर्षांच्या सभा वाचायला दिल्या होत्या. ती हसली म्हणजे इन्चार्ज व्हायचा नाद सोडून दिला असणार. सोमवारी ती नाही म्हणणार, आणि तिची दहा वर्षं माझ्या कव्हराखाली जाणार.

मी खाली येऊन सांगितलं, तेव्हा तपासनीस म्हणाले, "दोनपर्यंत थांबतो. मी काही निघण्याच्या घाईत नाही," आणि त्यांनी पान उलटलं.

हौसेरावांकडे त्या वेळी मार्केटचा टेम्पो होता. मी पुढे बसले, पायाशी बटाट्याचं एक पोतं, मांडीवर डॉक्टरीणबाई. टेलिफोन खात्यातली सुपरवायझर. वाटेत बस स्टॉपवर माझ्याच ऑफिसातल्या तिघी उभ्या होत्या. त्यांनी आधी टेम्पोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग तिघींनी एकदमच दुसरीकडे पाहिलं. सोमवारी एकीनं मला विचारलं, "मॅडम, बटाटे होलसेलमध्ये कसे पडतात?"

तळोज्याच्या फाटकावर एक वही होती. रखवालदारानं नाव, गाव, वेळ लिहून घेतली आणि म्हणाला, "काम?"

हौसेराव गोंधळले की त्यांच्या तोंडून सोसायटीची भाषा येते. "दप्तर ताब्यात घेणे," ते म्हणाले.

रखवालदारानं पेन खाली ठेवलं आणि आत फोन लावला. सरकारी धाड आली असं समजून पाच मिनिटांत एक मॅनेजर, त्यांचा असिस्टंट आणि थंड पेयाच्या दोन बाटल्या बाहेर आल्या. आम्ही पेयं घेतली. नाही कसं म्हणणार, ऊन होतं.

"कसलं दप्तर, साहेब? आमचे सगळे कागद क्लिअर आहेत."

"आमाला जाहिदाबाईंना भेटायचंय," हौसेराव म्हणाले.

"कोण जाहिदा?" असिस्टंटनं विचारलं.

रखवालदारच म्हणाला, "अहो, लॅबच्या नवीन इन्चार्ज मॅडम."

माझ्या हातातली बाटली तिथेच थांबली. "नवीन काय म्हणालात?"

"आज सकाळीच लेटर दिलं त्यांनी," मॅनेजर म्हणाले. "सोमवारपर्यंत मुदत होती, पण आल्या आल्या दिलं. का हो, काही प्रॉब्लेम आहे का?"

तेवढ्यात ती स्वतः आली. पांढरा कोट, केस बांधलेले, काखेत खाकी कव्हराचं पुस्तक. आम्हाला बघून तिला आधी काळजी वाटली, मग टेम्पो दिसला, मग ती हसायलाच लागली.

"काकू, तुमी हे घ्यायला आलात ना? मला कळलं होतं की हे ते पुस्तक नाही. पण सोडवेना."

"पण ही आहे काय फाईल?" मॅनेजर अजून घामात होते. "काही सीरियस आहे का?"

"खूप सीरियस आहे, सर," जाहिदा म्हणाली आणि तिनं वाचायला सुरुवात केली.

हौसेराव मार्केटातले. तिथे बोली लागते तेव्हा कोण काय म्हणाला ते जसंच्या तसं टिपतात. सभेचंही ते तसंच लिहीत. "चौदा मार्च एक्क्याण्णव. टाकीच्या झाकणाचा विषय निघाला. श्री. उदयसिंह म्हणाले, झाकण लोखंडी असावे. श्री. विश्वजित म्हणाले, लोखंड गंजते. चिटणीस म्हणाले, दोन्ही मुद्दे विचार करण्यासारखे आहेत. चहा झाला. विषय पुढील सभेस." तिनं पान उलटलं. "त्र्याण्णव. झाकण गोल की चौकोनी यावर पाऊण तास चर्चा. टाकी गोल आहे की चौकोनी हे कोणीच पाहिलेले नसल्याचे लक्षात आले. वर कोणी जावे यासाठी त्रिसदस्य समिती. चहा झाला." रखवालदार वही विसरून ऐकत होता. "पंच्याण्णव. श्री. उदयसिंह आता प्लॅस्टिकच्या बाजूने. श्री. विश्वजित यांनी सभात्याग केला. चहाला परत आले."

मॅनेजर तोंडावर हात ठेवून उभे होते. मी हौसेरावांकडे बघायचं टाळलं.

जाहिदानं वही मिटली. "काकू, मी काल मोजले. तुमच्या कमिटीतपण अकरा पुरुष आहेत. मला वाटायचं, वर बसणाऱ्यांना सगळं माहीत असतं, म्हणून ते घाबरत नाहीत. आणि ह्यात बघा. चिटणीसकाकांना झाकणातलं काहीसुद्धा कळत नाही, तरी सहा वर्षं ते एकदापण घाबरले नाहीत. सभा बोलवतात, ऐकून घेतात, लिहितात, पुढची तारीख देतात. अकराच्या अकरा परत येतात." तिनं कोटाच्या खिशात हात घातले. "मला तर माझं काम येतं."

हौसेरावांनी तिच्या हातातली वही निरखून पाहिली. मग घसा साफ करून म्हणाले, "म्हणजे पोरी, तुला माझ्या लिखानातनं धीर आला?"

"हो काका."

"मी म्हणलंच होतं भाषणात," ते माझ्याकडे वळून म्हणाले. पंधरा दिवसांत बासष्ट पुस्तकं जमवली मी, कोल्हापूरपर्यंत तारा हलवल्या, आणि पोरीला धीर दिला तो झाकणानं. पण खरं सांगायचं तर त्या फाटकावर मला इतका आनंद झाला होता की मी मॅनेजरांच्या असिस्टंटला मिठी मारायचंच काय ते बाकी ठेवलं. डॉक्टरीणबाई मी जाहिदाच्या हातात दिल्या. म्हटलं, असू दे, ह्याही वाच. बाई चांगल्या आहेत.

पावणेदोनला आम्ही परत आलो. तपासनीस डबा संपवून अजून वाचत होते. हौसेरावांनी मिनिट्स बुक कव्हरासकट समोर ठेवलं. ते उघडताच आतून एक चिठ्ठी पडली. आमच्या कपाटाचा नियम होता, की पुस्तक परत करताना वाचणारीनं आपली चिठ्ठी आत ठेवायची. जाहिदानं नियम पाळला होता. तपासनिसांनी मोठ्यानं वाचलं, "हे पुस्तक कुणी वाचावं: जिला वाटतं की मोठ्या खुर्चीवर बसायला आधी सगळं यावं लागतं, तिनं. जाहिदा, लॅब इन्चार्ज."

"हे परिशिष्ट आहे का?" तपासनिसांनी विचारलं.

"व्हय साहेब," हौसेराव म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी पुन्हा जागेवर ठेवली, दोन तास वही वाचली आणि शेऱ्यात लिहिलं: इतिवृत्त सविस्तर आहे, झाकण पंधरा दिवसांत बसवावे. जाताना दारात घुटमळले. मग हळूच मला म्हणाले, "ते नर्सबाईंचं पुस्तक आठ दिवसांसाठी मिळेल का? आमच्या मिसेसना शाळेत मुख्याध्यापिका करतायत. नको नको म्हणतेय." मी वहीत नोंद करून दिलं. आमच्या कपाटातून बाहेरगावी गेलेलं ते पहिलं पुस्तक. आठ दिवसांनी ते परत आलं, आत बाईंच्या अक्षरात एकच ओळ होती: दार आतून लावून वाचलं.

आता या सगळ्याला किती वर्षं झाली. जाहिदा पुढे त्या कंपनीत बरीच वर गेली, मग खांदेश्वरला स्वतःची पाणी तपासायची लॅब काढली, आणि अजून ईदला शिरखुर्मा घेऊन येते. अब्दुर्रहमानभाई तिच्या लॅबच्या उद्घाटनाला इस्त्रीचे पांढरे कपडे घालून पहिल्या रांगेत बसले होते. त्यानंतर दोन वर्षांनी गेले. रंगूबाईची मुलगी बँकेत लागली. रंगूबाईनं टोपली सोडली नाही, शेवटपर्यंत मला पापलेट निवडून देत असे आणि भाव मात्र कमी करत नसे. हौसेरावांनी पुढे साताऱ्याला गावी जाऊन आठवणी लिहायला घेतल्या. चारशे पानं झाली तरी ते चौथीतच होते. आमचे हे दोन हजार अकरा साली गेले, त्याच आरामखुर्चीत, पेपर हातात असताना. खुर्ची मी कुणाला दिली नाही.

कपाटात आता सातशेवर पुस्तकं आहेत आणि ती नर्सिंगच्या, बँकेच्या, कॉल सेंटरच्या मुली नेतात. मी ऐंशी ओलांडली; माझ्या हाताला कंप सुटल्यामुळे कव्हरं आता प्लॅस्टिकची असतात.

आणि राजनंदिनी सोसायटीची चिटणीस झाली, त्यालाही आता पंधरा वर्षं होतील. कमिटीत अकरापैकी सात बायका आहेत. सभा वीस मिनिटांत संपते. चहा उकळेपर्यंत विषय संपलेले असतात, आणि जुने दोघंतिघं सभासद रिकामा कप हातात घेऊन उगाच जिन्यात उभे राहतात. त्यांना अजून सवय व्हायची आहे.